कॅमेऱ्याच्या शेजारची भुतं

'तुंबाड' सिनेमातली भीती नागझिऱ्यातून निघाली, असं नागपुरात कुणालाही सांगा, समोरचा आधी तुमच्याकडे संशयाने बघतो आणि मग विचारतो, "आपल्या नागझिऱ्यातून?" हो, आपल्याच. भंडारा, लाखनी, साकोली करत सव्वाशेएक किलोमीटर गेलं की लागतं ते जंगल. पिटेझरीच्या फाटकावर पहाटे कुडकुडत आपण ज्याच्यासाठी जिप्सीत बसतो, तेच. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलेली हकीकत अशी की १९९३ साली, शाळकरी वयात, ते नागझिऱ्याला गेले होते आणि तिथे एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक कथा सांगितली. ती जी मनात बसली ती उतरलीच नाही. पुढे मोठेपणी त्यांनी ती कथा छापील वाचली, तर तिच्यात विशेष काही सापडेना. घाबरवलं होतं ते मित्राच्या सांगण्याने. आणि जागेने, असं आपलं माझं म्हणणं.

२०१८ साली हा सिनेमा नागपुरात कधी लागला आणि कधी उतरला, कळलंही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लावला तेव्हा मात्र ऐन गणपतीत थिएटर भरलेलं होतं, आणि देशभर त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवला. माझ्या मागच्या रांगेतली पोट्टी मध्यंतरापर्यंत एकमेकांना चिडवत होती. मध्यंतरानंतर पॉपकॉर्नचा आवाजही बंद झाला.

आता या भीतीचा प्रवास बघा. सिनेमाच्या पहिल्या भागात साखळीने बांधलेली जी म्हातारी आहे, ती धारपांच्या 'आजी' या कथेतून आलेली, आणि 'आजी' बेतलेली स्टीफन किंगच्या एका कथेवर. म्हणजे अमेरिकेतल्या म्हातारीला धारपांनी मराठी घरात आणलं. पुढे सिनेमात ती कोकणात, खेड तालुक्यातल्या तुंबाडला गेली, ज्या गावाचं नाव मराठी वाचकाला श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीमुळे आधीच पाठ आहे. आणि तिला राहायला वाडा मिळाला तो थेट घाटावर, सासवडला, पुरंदऱ्यांचा. हस्तर नावाचा देव तर कुठल्याच गावचा नाही, तो सिनेमावाल्यांनी घडवला. पाऊस तेवढा खरा. त्यासाठी वर्षानुवर्षं पावसाळ्याची वाट बघत शूटिंग केलं म्हणतात, आणि ते दिसतं.

म्हणजे भीती एका ठिकाणची, नाव दुसऱ्या ठिकाणचं, भिंती तिसऱ्या ठिकाणच्या. भुताच्या सिनेमांच्या बाबतीत हे इतक्या वेळा होतं की मला हल्ली सिनेमापेक्षा त्याच्या आजूबाजूचा मुलूख बघायची खोड लागली आहे. कॅमेरा जिथे उभा होता तिथून वळून दुसऱ्या बाजूला बघायचं. तिथे बहुतेक वेळा आणखी एक गोष्ट बसलेली असते, आणि ती पडद्यावरच्या गोष्टीपेक्षा वाईट असते.

नागझिऱ्यापासूनच सुरू करतो. तळ्याकाठच्या विश्रामगृहांत वीज नाही, ही त्या जागेची ख्याती. संध्याकाळी कंदील आला की त्याच्या उजेडाचं एक गोल रिंगण पडतं आणि त्याच्या बाहेर जे आहे ते सगळं जंगलाचं. शहरात आपल्याला अंधार म्हणून जो माहीत असतो तो खरं तर मंद उजेड असतो, हे तिथे गेल्यावर कळतं. जेवणं उरकून पायरीवर बसावं तर रातवा एका लयीत टकटक करायला लागतो, तळ्याकडून चितळाची हाक येते, आणि मध्येच कोल्ह्याची एक लांब, चिरकी आरोळी. आमच्याकडची जुनी माणसं त्याला 'भालू ओरडली' म्हणतात आणि ओरडली की गावात कुणीतरी जाणार असं धरून चालतात. माझी आजी भालू ऐकली की उठून देवाजवळ दिवा लावायची. विचारलं तर म्हणायची, "तुले कायले पाहिजे?" तिची उत्तरं अशीच असत.

पण नागझिऱ्यात मला खरं दचकवलं ते एका झाडाने. कुलू. आपल्याकडच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर दिसतं हे झाड. खोड पांढुरकं, गुळगुळीत, साल पातळ कागदासारखी सुटत असते. उन्हाळ्यात त्याच्यावर पान नसतं. दिवसा बघाल तर बरं दिसतं, थोडं आजारी वाटतं इतकंच. चांदणं पडलं की मात्र बाकी सगळी झाडं काळी होतात आणि हे एकटं उजळतं, हात पसरून उभं. जवळ जाऊन बघितलं तर फांद्यांच्या टोकाला पाच बोटांसारखी फळं, त्यांच्यावर बारीक लव, आणि तिला हात लागला की कातडीला खाज सुटते. खोडाला घाव घातला की डिंक येतो. कुलूचा डिंक औषधात जातो, कवळी हिरडीला चिकटवण्याच्या पावडरीत जातो. म्हणजे कुणाच्या तरी आजोबांच्या तोंडात हे भूत रोज बसलेलं आहे. आमचा वाटाड्या पिटेझरीकडचा. तो म्हणाला, "साहेब, याले भुताचं झाड म्हणतात." मी विचारलं, भूत राहतं का वर? तो म्हणाला, "राहाचं काय काम हाये? झाडच भूत हाये." मला यापेक्षा चोख भूतकथा कुणी सांगितलेली नाही.

शाळकरी पोराला अशा जागी कुणी साखळीने बांधलेल्या म्हातारीची गोष्ट सांगितली तर ती पंचवीस वर्षं टिकेल, यात मला नवल वाटत नाही.

सासवडची गोष्ट वेगळी. पुरंदरे हे पेशव्यांच्या उदयापासूनचं घराणं, बाळाजी विश्वनाथांचे साथीदार अंबाजीपंत पुरंदरे त्यातलेच. कऱ्हेकाठचा त्यांचा वाडा बाहेरून किल्ल्यासारखा. बुरूज, भक्कम दरवाजा, आतून पडझड. सिनेमावाल्यांना तो मोहात पाडणारच. सिनेमा बघून तिथे जाणारी माणसं खजिना कुठे, विहीर कुठे, असं विचारत फिरतात म्हणे. मला वाटतं, त्यांनी वाड्याच्या भिंतीकडे पाठ करून दहा-पंधरा किलोमीटरवरच्या पुरंदर किल्ल्याकडे बघावं. त्या किल्ल्याला शेंदऱ्या नावाचा बुरूज आहे. आख्यायिका अशी की बहामनी काळात तो बांधताना सारखा ढासळत होता. मग बहिरनाक सोननाक याने आपला मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना दिलं, दोघांना बुरुजात जिवंत गाडलं, आणि बुरूज उभा राहिला. कथा 'दिलं' म्हणते. कुणी मागितलं, कोणत्या तोंडाने मागितलं, आणि त्या काळात महार जातीच्या माणसाला नाही म्हणायची सोय होती का, याबद्दल कथा गप्प आहे. देवकाईला विचारल्याचा तर प्रश्नच येत नाही. ती सून होती.

सिनेमातला हस्तर सोन्याच्या लोभाने अडकलेला आहे. देवकाईला कशाचाच लोभ नव्हता. पण तिच्यावर सिनेमा झालेला नाही.

ही खोड लागल्यावर मी चंदेरीलाही गेलो. नागपूरकराला चंदेरी माहीत असते ती साडीमुळे. दिल्लीच्या गाडीने ललितपूरला उतरायचं आणि तिथून मोटारीने जायचं. २०१८ सालचा 'स्त्री' हा सिनेमा तिथे चित्रित झाला. त्यात रात्री पुरुषांना उचलून नेणारी बाई आहे आणि तिला टाळायला गावकरी भिंतीवर 'उद्या ये' असं लिहितात. ही गोष्ट चंदेरीची नव्हेच. ती बंगळुरूची. १९९०च्या दशकात तिथल्या वस्त्यांत बोलवा उठली की रात्री एक बाई दार वाजवते, घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारते, दार उघडलं की माणूस संपला. म्हणून लोकांनी दारांवर कानडीत लिहून ठेवलं, 'नाळे बा', उद्या ये. बाई रोज वाचते, रोज परत जाते. सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला ही युक्ती सुचली असणार, याबद्दल मला शंका नाही.

घरच्या माणसाच्या आवाजातली हाक ही आमच्याही घरात होती. रात्री बाहेरून कुणी नावाने हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. तीन हाका होऊ द्यायच्या. भूत तिसरी हाक मारत नाही, असा नियम. ते का मारत नाही हे आजीला विचारलं तेव्हा नेहमीचंच उत्तर मिळालं. माझे मामा एकदा रात्री उशिरा गावाहून आले आणि अंगणातून हाका मारत राहिले. आतून आम्ही सगळे मोजत होतो. मामा दुसऱ्या हाकेनंतर कंटाळून ओट्यावर जाऊन बसले. सकाळी जो काही शिमगा झाला तो आमच्या घरात अजून सांगतात. आता दाराला कॅमेरा आहे, मोबाइलवर तोंड दिसतं, त्यामुळे तो नियम आपोआप बाद झाला.

तर चंदेरी. सिनेमाच्या खुणा शोधत येणारी मंडळी तिथे आहेत, त्यांना गल्ल्या दाखवणारे आहेत, आणि त्यात काही वाईटही नाही. चार पैसे मिळतात. पण वर किल्ल्यावर जौहराचं स्मारक आहे. जानेवारी १५२८ मध्ये बाबराने चंदेरी घेतली, मेदिनीरायाची माणसं कापली गेली, आणि त्याआधी आत बायकांनी स्वतःला जाळून घेतलं, किंवा त्यांना जाळण्यात आलं. यातला कुठला शब्द वापरायचा हे आपण आपल्या मनाशी ठरवावं. किल्ल्याच्या एका दरवाजाला खुनी दरवाजा म्हणतात. स्मारकाजवळच बैजू बावऱ्याची समाधी आहे. मी तिथे उभा होतो तेव्हा एक सहल आली, पोरापोरींनी ओढण्या डोक्यावरून घेऊन सिनेमातल्या भुतासारखे फोटो काढले. जौहराच्या दगडाला टेकून. मला राग येईल असं मला वाटलं होतं. आला नाही. त्यांना जी गोष्ट कुणी सांगितली तिच्याशी ती खेळत होती.

परदेशातही हेच चालतं, फक्त तिथे हिशेब चोख ठेवलेला असतो. स्टीफन किंग १९७४ साली कोलोरॅडोतल्या स्टॅन्ली हॉटेलात हंगाम संपता संपता जाऊन राहिला, खोली क्रमांक २१७, आणि त्यातून 'द शायनिंग' सुचली. सिनेमा करताना हॉटेलचं बाहेरचं रूप घेतलं ते भलतीकडचंच, ओरेगॉनमधल्या टिंबरलाइन लॉजचं. लॉजवाल्यांनी विनंती केली की २१७ ही खोली आमच्याकडे खरोखर आहे, तिला कुणी गिऱ्हाईक मिळणार नाही, तेव्हा आकडा बदला. म्हणून सिनेमात २३७ झाली, जी त्या लॉजमध्ये नाहीच. आणि आता तिथे सगळ्यात जास्त मागणी कुठल्या खोलीला? २१७ला. न्यूयॉर्कजवळच्या ॲमिटीव्हिलचं असंच. १३ नोव्हेंबर १९७४ रोजी तिथल्या घरात एका मुलाने आईवडील आणि चार भावंडं अशी सहा माणसं गोळ्या घालून मारली. वर्षभराने आलेलं दुसरं कुटुंब २८ दिवसांत घर सोडून गेलं, त्यांच्या भुताच्या गोष्टीवर पुस्तक झालं, सिनेमा झाला. शूटिंगला गावाने दाद दिली नाही म्हणून ते न्यू जर्सीतल्या टॉम्स रिव्हरला झालं. लोकांच्या डोक्यात राहिलं ते भिंतीतून रक्त येणारं घर. झोपेत मेलेल्या चार पोरांची नावं किती जणांना सांगता येतील?

भुताच्या नावाने सहली काढणाऱ्यांचं आपल्याकडचं पंढरपूर म्हणजे राजस्थानातला भानगढ. 'सूर्यास्तानंतर प्रवेश वर्जित' असा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा फलक तिथे आहे, आणि सरकारनेच भूत मान्य केलं, असं सांगत तो फलक गावोगाव फिरतो. माझ्या एका मावसभावाने तर तो फोनच्या दर्शनी ठेवला होता. त्याला सांगितलं, अरे, संरक्षित स्मारकांचा १९५९ सालचा नियमच आहे, वेगळी वेळ ठरवून दिली नसेल तर ती सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच उघडी. आपला चिखलदऱ्याचा गाविलगडही पुरातत्त्व खात्याचाच. तिथेही रात्री कुणी सोडत नाही, शिवाय तिथे मेळघाटचं जंगल आहे, म्हणजे फलक न वाचणाऱ्याची सोय अस्वल करतं. गाविलगडावर १५ डिसेंबर १८०३ला आर्थर वेलस्लीची फौज घुसली. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. आणि त्याच्या घरच्या बायकांसाठी मरण आधीच नेमून ठेवलेलं होतं. पुन्हा तेच. मावसभाऊ म्हणाला, "मग तिथं भूत कसं नाही?" प्रश्न वाटतो तितका येडपट नाही.

भूत कुठे होतं आणि कुठे होत नाही, याचा एक नमुना आमच्या नागपुरातच आहे. पुण्यात शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणरावाला मारलं. अमावास्येच्या रात्री तिथे 'काका, मला वाचवा' ऐकू येतं हे महाराष्ट्रातल्या पोरासोरांना माहीत आहे. त्याला अजून अर्धशतक होत नाही तोच, १ फेब्रुवारी १८१७ला, नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीत परसोजी भोसला बिछान्यात मेलेला सापडला. दुसऱ्या रघुजीचा हा मुलगा शरीराने आणि मनाने दुबळा. कारभार चुलतभाऊ मुधोजीच्या, म्हणजे अप्पासाहेबाच्या हाती. खून झाला हे पुढे उघड झालं आणि तो अप्पासाहेबाने करवला असंच इतिहास सांगतो. प्रसंग पुण्यासारखाच: घरचाच माणूस, गादी, असहाय वारस. पण परसोजीचं भूत झालं नाही. मी महालात वाढलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघितलं. कुणी ऐकलेलं नाही.

माझा तर्क असा. नारायणराव धावला आणि ओरडला, त्याला एक वाक्य मिळालं. परसोजी अंथरुणात गेला, त्याच्या तोंडी कुणी काही घातलं नाही. दुसरं, भिंत. शनिवारवाडाही १८२८ साली जळाला, पण तट आणि दिल्ली दरवाजा उभा आहे, तिथे तिकीट काढून आत जाता येतं आणि संध्याकाळी शिपाई शिट्टी मारून बाहेर काढतो. भोसल्यांचा राजवाडा १८६४ला जळाला आणि त्याच्या जागेवर शहर पसरलं. जिथे परसोजी मेला तिथे आज कदाचित भांड्यांचं दुकान असेल. स्टीलच्या गंजांच्या चळतीत कोण भूत होऊन उभं राहील? सिनेमा हीच दोन कामं करतो, वाक्य देतो आणि भिंत देतो. म्हणून ज्या गावाचं काहीच नव्हतं तिथेही सिनेमा लागल्यावर भूत राहायला येतं.

तरी भिंतीची सोय आमच्याकडे अगदीच नाही असं नाही. सीताबर्डीचा किल्ला आहे की. भर चौकात, खाली मेट्रो, बाजूला 'मोदी नंबर' या नावाच्या गल्ल्यांतली गर्दी, आणि वर दोन टेकड्यांवर शांत किल्ला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ला याच टेकड्यांवर अप्पासाहेबाची फौज आणि इंग्रज भिडले. लहान टेकडी अरब शिपायांनी घेतलीही होती, पण शेवटी भोसल्यांचा पराभव झाला आणि मग इंग्रजांनी तिथे किल्ला बांधला. लढाईत पडलेल्या गोऱ्या सैनिकांची थडगी वर आहेत. टिपू सुलतानाच्या घराण्यातला नवाब कादर अली आणि त्याचे आठ साथीदार यांना १८५७ मध्ये तटावर फाशी दिलं असं सांगतात, त्यांचीही जागा तिथे आहे. किल्ला आता टेरिटोरियल आर्मीकडे. लोकांना आत सोडतात ते २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. एवढा मालमसाला असूनही सीताबर्डीची म्हणावी अशी भूतकथा नाही. बंदूकधारी शिपायासमोर भुताचं फारसं चालत नसावं. नाहीतर उन्हाचं कारण असेल. १ मेला नागपुरात दुपारी किल्ला चढणाऱ्याला आधी लिंबूपाणी आठवतं.

मग नागपूरला भूत नाहीच का? आहे. फक्त आम्ही ते वाड्यात लपवत नाही. दरवर्षी वाजतगाजत रस्त्यावरून नेतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबती निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बांबूच्या कामट्यांवर कागद आणि कापड चढवून केलेल्या दोन प्रचंड बाया. इतवारी, महाल, बुधवारीच्या गल्ल्यांतून त्या येतात तेव्हा विजेच्या तारा काठ्यांनी वर उचलून धरायला पोरं पुढे पळतात. बरोबर बडगे, म्हणजे पुतळे, ज्यांच्यावर त्या त्या वर्षीचा राग लिहिलेला असतो, कधी महागाईचा, कधी खड्ड्यांचा. आणि सगळ्या गल्लीचा एकच आवाज: ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! खोकला घेऊन जा, रोगराई घेऊन जा. पिवळीला लोक मानतात, तिची पूजा होते. काळीला शिव्या पडतात. शेवटी दोघींना जाळतात. गॅलरीतून बघताना काळी मारबत अगदी आपल्या डोळ्यांसमोरून सरकते, तिचे रंगवलेले डोळे तळहाताएवढे. लहानपणी मावशीच्या घरी मला कठड्याशी उभं केलं की मी मावशीच्या पदरात तोंड खुपसायचो. मावशी म्हणायची, "पाहून घे, पाहून घे, उद्या ते नाही राहणार."

ही काळी मारबत कोण? कुणी पूतना म्हणतं. पण इतवारीत कुणालाही विचारा, बहुतेक जण सांगतील बाकाबाई. दुसऱ्या रघुजीची राणी. ती इंग्रजांना मिळाली, तिने नागपूरचं राज्य घालवलं, म्हणून तिचा पुतळा जाळायचा. मी हे इतकी वर्षं ऐकलं होतं की त्यात काही खटकतंय हे लक्षातही येत नव्हतं. मग तारखा शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. १८१६ला नवरा गेला. सावत्र मुलगा दुबळा, तो वर्षभरात बिछान्यात मारला गेला. मारणाराच गादीवर बसला, त्याने आधी इंग्रजांशी तह केला, मग त्यांच्याशी लढाई काढली आणि हरला. पुढे पळाला, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाने राहिला, तिथून पंजाबात, तिथून जोधपूरला, आणि तिथेच १८४० साली मेला. मागे राहिली बाकाबाई. १८१८ला लहान मुलाला, तिसऱ्या रघुजीला, दत्तक म्हणून गादीवर बसवलं तेव्हा वाड्याची जबाबदारी तिच्याकडे आली. समोर इंग्रज रेसिडेंट. त्यांच्याशी जुळवून घेण्यावाचून ती दुसरं काय करणार होती, हे मला कुणी सांगावं. तिसरा रघुजी १८५३ला वारला, पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं. बाकाबाई १८५८ला गेली. आणि तिच्यानंतर वीसेक वर्षांनी तिचं बाहुलं करून जाळायला सुरुवात झाली, ते आजतागायत.

अप्पासाहेबाचा पुतळा कुणी जाळत नाही. पुण्यातही खून केला गारद्यांनी, डाव रघुनाथरावाचा, पण 'ध'चा 'मा' आनंदीबाईने केला असंच सांगतात. तुंबाडच्या वाड्यात साखळीला म्हातारी, चंदेरीच्या गल्लीत बाई, पुरंदरच्या बुरुजात सून, गाविलगडावर किल्लेदाराच्या घरच्या बायका. आपण ज्यांचं वाईट केलं त्यांनाच घाबरतो, असं कुणी म्हणेल. असेलही. मला वाटतं, घाबरतो कमी आणि हिशेब त्यांच्या नावावर मांडून मोकळे होतो जास्त.

हे सगळं मी आमच्या एका मित्राला सांगितलं. तो लग्नाच्या व्हिडिओंवर पोट भरतो आणि शॉर्ट फिल्मवर ते रिकामं करतो. त्याच्या डोक्यात नागपूरची भूतफिल्म आहे. बाकाबाई ऐकताच त्याचे डोळे चमकले. म्हणाला, "मस्त हाये भाऊ. काळी साडी, मोकळे केस, जळून राहिली अन् हसून राहिली."

मी म्हटलं, तिला नको रे. अप्पासाहेबाला भूत कर. पळून पळून जोधपूरला मेला, परत येऊ दे त्याला.

"अप्पासाहेबाले कोण पाहीन बे? मिशीवाल्या भुताले तिकीट विकत नाही."

मग परसोजीवर कर. एक वाक्य दे त्याला. दोनशे वर्षं झाली, गप्प आहे बिचारा.

यावर तो खरोखर विचारात पडला. चहाचा कप खाली ठेवून त्याने खिशातून कागद काढला, बिछाना, समई, दाराशी सावली असं काही काही काढलं. वाक्य काय द्यायचं यावर आमचं बराच वेळ वाजलं. त्याला 'दादा' घालून हवं होतं, म्हणजे पुण्याच्या काकाला उत्तर होईल. मला ते स्वस्त वाटलं. ते ठरेना म्हणून तो जागेवर आला. राजवाडा दाखवायचा कुठे? महालात उरलेल्या जुन्या वाड्यांसमोर स्कूटरी लागतात, वर डिशच्या छत्र्या, दर दहा मिनिटांनी भंगारवाल्याचा भोंगा. किल्ल्यावर मिल्ट्री सोडणार नाही. त्याने फोन काढून जुन्या वाड्यांचे फोटो चाळले आणि एकावर थांबला. बुरूज, भक्कम दरवाजा, आतून पडझड.

"हा सासवडचा वाडा भाड्यानं भेटते काय पाहतो," तो म्हणाला, "इथून गाडी केली तर डिझेलचाच खर्च मारून टाकीन."